घरातले बूट

आमच्या भागात कुणी आडून विचारत नाही. बसस्टॉपवर उभी राहिले की शेजारची बाई साडीच्या काठाखाली बघते आणि म्हणते, "एक पाय खोटा हाय व्हय तुमचा?" मी म्हणते, "खोटा कशाला, चांगला चालतोय की." मग ती सरकून मला जागा करून देते आणि तिच्या चुलतदिराला काय झालं होतं ते पहिल्यापासून सांगते. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. राग हा माझा जुनाच सोबती, कायम नाकाच्या शेंड्यावर. आता तोही थोडा मागं सरकून बसतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा गारगोटी रस्त्याला एका लहान गावात, आणि घर कोल्हापुरात, म्हणून पूर्वी रोज गाडीवरून जाणं-येणं असायचं. तीन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला आणि एका संध्याकाळी परत येताना वळणावर उसाची ट्रॉली माझ्या अंगावर कलली. ट्रॅक्टरवाला पळून गेला नाही. त्यानं आणि मागून आलेल्या चार-पाच जणांनी हातांनी ऊस उपसून मला बाहेर काढलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तो माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. लोक त्याला शिव्या देतात तेव्हा मी गप्प बसते. जीव वाचला. डावा पाय मात्र गुडघ्याखाली काढावा लागला.

घरात आम्ही तिघं. मी, माझा नवरा आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्ती म्हणते. नवऱ्याचं लेथचं काम, बोलणं कमी. ती कसर आत्ती भरून काढतात. त्यांचा आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी भाजीवाला आला तर त्या माजघरातूनच भाव ठरवतात. आणि त्यांचा एक नियम होता, मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून ऐकलेला: वहाण उंबऱ्याच्या आत येणार नाही. एकदा गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी दारात थांबवून बूट काढायला लावले होते. खांद्यावर सिलिंडर, आणि बिचारा एका पायानं दुसऱ्या पायातला बूट ओढतोय. नवीन असताना मला याचं हसू यायचं. पुढं तीच सवय मलाही लागली, आणि माझ्या वर्गाच्या दाराशीही मी तोच नियम घातला. चपला व्हरांड्यात रांगेत, पोरं आत सतरंजीवर.

जखम भरल्यावर सेंटरला जाऊन कृत्रिम पायाचं माप दिलं. पाय तयार करणारे गृहस्थ पन्नाशीचे, हळू बोलणारे. म्हणाले, "मॅडम, येताना चांगले बूट घेऊन या, चप्पल चालणार नाही." नवऱ्यानं पांढरे स्पोर्ट्‌स बूट आणले. साडीवर ते बूट घालून मी दोन लोखंडी दांड्यांच्या मधून चालायला शिकले. पहिल्या दिवशी घामानं भिजले. पण बाराव्या-तेराव्या दिवशी दांड्या सोडून चालत गेले तेव्हा ते गृहस्थ स्वतःच टाळ्या वाजवायला लागले. घरी जाताना मी रिक्षावाल्याला उगाच सांगितलं, की मी आज चालले.

घरी आत्ती दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या. त्यांनी ओवाळलं, तुकडा टाकला, डोळ्याला पाणी लावलं. मी पायरीवर बसले, नवऱ्यानं माझे बूट काढून बाजूला ठेवले. न सांगता. आमच्या घरात ते कुणी सांगत नाही. मी उठले, उंबऱ्यावरून पाय टाकला आणि सरळ मागं कलंडले. नवरा मागं होता म्हणून डोकं फुटलं नाही.

उंबऱ्याला अडखळली, असं सगळ्यांचं एकमत झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, वीतभर उंच दगड आहे, धडधाकट माणूस ठेचकाळतो. नवरा मान खाली घालून म्हणाला, "आई, हा दगड काढूया काय?" त्या दगडावर आत्ती चाळीस वर्षं रोज सकाळी हळदीकुंकू वाहत होत्या. त्याच दगडावरून त्या नवरी म्हणून आत आल्या होत्या, आणि त्यावरूनच माझ्या सासऱ्यांना शेवटचं बाहेर नेलं होतं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्या म्हणाल्या, "काढा." आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसल्या. गवंड्यानं दगड काढून अंगणात तुळशीशेजारी टेकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तिथंच, कडेला पडलेल्या दगडावर हळदीकुंकू होतं.

उंबरा गेला तरी मी पडायची थांबले नाही. स्वयंपाकघरात पडले, मोरीच्या दाराशी पडले. पडले नाही तिथं भिंत धरून चालले. मग दोष फरशीवर गेला, ती गुळगुळीत म्हणून. साऱ्या घरात सतरंज्या अंथरल्या. मग दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या उतरल्या. शेवटी सगळे माझ्या मनावर येऊन थांबले. पाहुणे यायचे, चहा प्यायचे आणि सांगायचे, "मन घट्ट करा, भीती काढून टाका." मला वाटायचं, हा कप यांच्या डोक्यावर उपडा करावा. बाहेर मी बूट घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायची. घरात मात्र चार पावलं धड पडत नव्हती. मलाही पटायला लागलं होतं, की दोष माझ्यातच आहे.

आणि जून जवळ येत होता. शाळेकडचे केंद्रप्रमुख भेटायला आले. भला माणूस. म्हणाले, "बाई, तालुक्याला कार्यालयात बसून काम मिळेल. अर्ज द्या, मी बघतो." त्यांनी ते माझ्या भल्यासाठीच म्हटलं होतं. पण पहिली-दुसरीचा वर्ग बसून शिकवता येत नाही. त्या पोरांच्या मधून फिरावं लागतं, पेन्सिल धरलेला हात धरावा लागतो, एकाचं नाक पुसेपर्यंत दुसरा दप्तरावर चढलेला असतो. एकवीस वर्षं मी हेच केलं होतं, दुसरं काही मला येत नव्हतं आणि नको होतं. पण वर्गात चपला काढून जायचं, म्हणजे घरासारखंच. तिथं पोरांच्या अंगावर पडले तर? मी अर्ज लिहिला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. मे महिन्याच्या अखेरीला द्यायचा ठरवून.

मे महिना म्हणजे आमच्याकडं चटणीचा. अंगणभर मिरच्या वाळत पडलेल्या. आत्ती सावलीत बसून देठं खुडत होत्या, मी बूट घालून मिरच्यांच्या मधल्या वाटेनं सूप भरभरून त्यांच्याकडं नेत होते. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर त्या म्हणाल्या, "व्हय गं, अंगणात तू माझ्यापेक्षा नीट चालतीस. घरात आलीस की भिंतीला पालीगत चिकटतीस. घरात काय वाघ हाय?"

मी तडकले. "मला काय हौस हाय पडायची?"

"तसं कोण म्हणतंय? बाहेर तुझ्या पायात बूट असत्यात. आत न्हाईत. मी आठ दिस झालं बघालोय. एवढाच फरक हाय."

मी म्हणाले, बुटाचा काय संबंध, भीतीचं आहे सगळं. एवढ्या पाहुण्यांनी सांगितलेलं मी आता स्वतःच सांगायला लागले होते.

"पावण्यांना काय कळतंय," आत्ती म्हणाल्या. "चल आत. बूट काढ दारात, आणि त्या खुर्चीवर बस."

मी बूट काढले आणि भिंत धरत आत जाऊन बसले. आत्तींनी ते बूट दोन्ही हातांनी उचलले. नळाखाली तळवे घासले, जुन्या लुगड्याच्या फडक्यानं कोरडे केले आणि घेऊन आत आल्या. जिथं उंबऱ्याचा दगड होता त्या जागेवरून, वहाणा हातात धरून, माझ्या सासूबाई. उजवा बूट माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "हा तुझा तू घाल." आणि डावा घेऊन स्वतः जमिनीवर बसल्या.

मी पाय मागं घेतला. "आत्ती, माझ्या पायाला हात लावू नका."

"ह्यो कुठं तुझा पाय हाय?" त्यांनी पोटरी धरून तो पुढं ओढला. "ह्यो सेंटरातनं आलाय. ह्याला हात लावला म्हणून मला पाप लागत न्हाय, आणि तुलाबी लागत न्हाय. गप बस."

त्यांनी बूट चढवला. नाडी बांधता येईना, कारण त्यांनी आयुष्यात नाडीचा बूट घातला नव्हता, म्हणून परकराच्या नाडीची गाठ मारतात तशी मारली. मी उभी राहिले. स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत गेले, वळले, परत आले. भिंतीला हात लावला नाही. पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला मला रडू फुटलं आणि मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"रडू नगंस," त्या म्हणाल्या. "मिरच्या तशाच पडल्यात." पण त्यांनी मला लगेच सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सेंटरला गेलो. ते गृहस्थ ऐकताना आधी हसले, मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. बुटाची टाच पुढच्या भागापेक्षा बोटभर उंच असते. तो बूट घालूनच त्यांनी पायाची ठेवण जुळवली होती. बूट काढला की टाच तेवढी खाली जाते आणि अख्खा माणूस मागं कलतो. चांगला पाय स्वतःला सावरून घेतो, या पायाला तेवढी अक्कल नसते. "मॅडम, मी स्वतः घरात अनवाणी असतो," ते म्हणाले, "आणि तुम्ही घरात अनवाणी चालणार हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. चुकलं माझं." मी त्यांच्यावर रागावले नाही. बारा दिवस मीही त्यांच्यासमोर बूट घालूनच चालले होते, आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

अनवाणी चालण्यासाठी पाय पुन्हा जुळवता येईल, पण मग बाहेर हे बूट चालणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. नाहीतर असाच दुसरा जोड घ्यायचा, फक्त आत वापरायचा. मी विचार करत होते, तेवढ्यात आत्तींनी निकाल दिला. "दुसरा जोड घ्या. घरातला."

तो जोड आजही आतल्या कोनाड्यात असतो आणि त्याला अंगणाची माती कधी लागलेली नाही. आठवड्यातून एकदा आत्ती त्याचे तळवे पुसतात, मी नको म्हटलं तरी. अर्ज मी साड्यांच्या खालून काढून फाडून टाकला. आणि गवंड्याला बोलावून उंबऱ्याचा दगड परत बसवून घेतला. आत्ती म्हणाल्या, राहू दे, तुला त्रास होईल. मी म्हणाले, पाय उचलून टाकता येतो मला. त्या दिवशी त्यांनी दगडावर हळदीकुंकू वाहिलं आणि बराच वेळ तिथंच बसून राहिल्या. कुणी कुणासाठी काय काढून दिलं होतं, ते मला तेव्हा नीट कळलं.

शाळेचा पहिला दिवस. नवऱ्यानं मला सोडलं. घरातल्यासारखाच एक जोड शाळेसाठी घेतला होता, तो पिशवीत होता. माझी पहिलीची पोरं आता दुसरीत गेली होती, आणि मी आले म्हणून व्हरांड्यात गर्दी झाली. नियमाप्रमाणं मी खुर्चीवर बसून बाहेरचे बूट काढले, रांगेत त्यांच्या चपलांशेजारी ठेवले, आणि पिशवीतले घातले. उठून दाराशी गेले, तर तिथं एक मुलगी आडवी उभी. हिला पहिलीत मीच मॉनिटर केलं होतं, आणि चपला आत आणणाऱ्याला अडवायचं काम मीच दिलं होतं.

"बाई, बूट भायेर."

मी म्हणाले, "हे आतले बूट आहेत. माझ्या एका पायाला बुटाशिवाय उभं राहता येत नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग खाली वाकून म्हणाली, "दावा." मी दार धरून एक पाय वर केला, मग दुसरा. तिनं दोन्ही तळव्यांवरून बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून नीट तपासलं. मग बाजूला झाली.

"स्वच्छ हाईत," ती म्हणाली. "या की आत, बाई."

मी दार सोडलं आणि आत गेले.