शिशाची दोन अक्षरं

मुलांनो, तुमचे बाबा गेल्या आठवड्यात इथून, लंडनमधल्या ईलिंगहून तुमच्याकडे परत गेले, पण जाण्याआधी माझी एक वस्तू जवळजवळ कचऱ्यात घालून गेले. मी लहान फ्लॅटमध्ये राहायला जाणार म्हणून ते मदतीला आले होते. त्यांनी दोन खोकी केली, एकावर ‘ठेवायचं’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘टाकायचं’, आणि माझ्या शिवणाच्या डब्यातले प्लॅस्टिकचे दोन तुकडे मला न विचारता दुसऱ्या खोक्यात टाकले.

‘‘अगं आई, त्यात शिसं आहे. विषारी असतं ते.’’

‘‘तीस वर्षं खिशात घालून फिरले. अजून आहे ना तुझ्यासमोर?’’

‘‘पण आता त्याचा उपयोग काय?’’

विमानाची वेळ झाली होती, म्हणून सांगायचं राहून गेलं. उपयोग काय ते आता तुम्हाला लिहून कळवते. तुम्ही ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवा. एखादा शब्द अडला तर त्यांनाच विचारा, तेवढं काम त्यांना असू दे.

तुम्हाला माहीत आहे की मी रेडिओग्राफर होते, म्हणजे एक्स-रे आणि सीटी स्कॅन काढायची. निवृत्त होण्याआधीची शेवटची काही वर्षं, दोन हजार सालानंतरची, मी माजी सैनिकांच्या एका लहान हॉस्पिटलमध्ये काढली. आम्ही तेव्हा साउथहॅम्प्टनला राहत होतो आणि तिथून बसने पाऊण तास लागायचा. ते दोन तुकडे म्हणजे माझे मार्कर. पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये बसवलेली शिशाची इंग्रजी अक्षरं, एक R आणि एक L, आणि प्रत्येकाखाली माझ्या नावाची आद्याक्षरं. एक्स-रे काढताना त्यातलं एक माणसाच्या शेजारी चिकटवायचं. शिशातून किरण जात नाहीत, त्यामुळे अक्षर चित्रात उमटतं. उजवी बाजू कुठली आणि फोटो काढला कुणी, दोन्ही त्यातच आलं. लहानपणी आमची आई म्हणायची, घरात डावं-उजवं करायचं नाही. मी पुढे पगारच त्याचा घेतला.

आमचे रुग्ण सगळे शिस्तीचे. दहाची वेळ दिली की साडेनऊला हजर, अंगात पितळी बटणांचा ब्लेझर, छातीवर पदकं. धातू चित्रात येतो, ब्लेझर काढा, म्हटलं की चेहरा असा करायचे जणू मी त्यांना कपडे उतरवून परेड करायला सांगितली आहे. आणि दुखतं कुठे, हे सांगायचं नाही. मांडीत जुन्या लढाईतला लोखंडाचा तुकडा, सीटीवर त्याच्याभोवती पांढरे फराटे, आणि हे, इथे कुठल्याही बाईला म्हणतात तसं ‘लव्ह’ म्हणत सांगणार, ‘‘तक्रार काही नाही, लव्ह.’’ तक्रार नाही तर इथे कशाला आलात, असं माझ्या अगदी जिभेवर यायचं.

त्यापेक्षाही वैताग होता तो आमच्या विभागाच्या मुख्याचा. वय तुमच्या बाबांएवढं, आणि नीटनेटकेपणाची आवडही तेवढीच. फिल्म बंद होऊन सगळं कॉम्प्युटरवर आलं होतं, त्याचा त्याला फार आनंद झाला होता. किटलीच्या वर त्याने सूचना लावली: यापुढे शिशाच्या मार्करची गरज नाही, डावं-उजवं स्क्रीनवर टाइप करावं, जुने मार्कर ट्रेमध्ये जमा करावेत. बाकीच्यांनी जमा केले. मी केले नाहीत.

‘‘तुमची अक्षरं वाकडी येतात,’’ तो मला म्हणाला. ‘‘कॉम्प्युटरची सरळ असतात.’’

‘‘कॉम्प्युटर पेशंटच्या शेजारी उभा नसतो,’’ मी म्हटलं. तो हसला. म्हाताऱ्या बायकांशी बोलताना ठेवणीतलं असतं, तसं हसू.

एका सकाळी वॉर्डमधून एक आजोबा छातीच्या एक्स-रेसाठी आले. नौदलात स्वयंपाकी होते. एक फुप्फुस जुन्या आजाराने निकामी झालेलं, त्यात आता दम लागत होता. मी त्यांना प्लेटसमोर उभं करत होते तेव्हा ते म्हणाले, ‘‘लव्ह, एक सांगून ठेवतो. माझं हृदय उजवीकडे आहे. जन्मापासून.’’

‘‘खरंच?’’

‘‘बायको चाळीस वर्षं म्हणत होती, तुझं काळीज जागेवर नाही. नौदलाच्या डॉक्टरने तिला लेखी देऊन टाकलं.’’

अशी माणसं दहा-बारा हजारांत एखादी असतात आणि ठणठणीत असतात. मी त्यांच्या कागदी फॉर्मवर मोठ्या अक्षरांत ‘हृदय उजवीकडे’ लिहिलं, उजव्या खांद्याजवळ R चिकटवला आणि फोटो काढला. हृदय खरोखरच उजवीकडे होतं, आणि डाव्या फुप्फुसाच्या तळाशी पाणी. निकामी फुप्फुसही तेच, डावं. चालू होतं ते उजवं. सीटीसाठी पुढचा माणूस ट्रॉलीवर ताटकळत होता, म्हणून तपासणीच्या स्क्रीनवर बसलेल्या मुख्याला ‘एवढं पाठव’ म्हणून मी निघून गेले. स्वतः पाठवायला हवा होता. ही चूक माझी, ती मी कुणाच्या माथी मारत नाही. फॉर्म स्कॅन करायच्या ट्रेमध्ये पडला. त्या ट्रेमध्ये सोमवारचे कागद शुक्रवारपर्यंत निवांत असायचे.

दुपारी वॉर्डमधून दुसऱ्या फोटोची मागणी आली. त्याच आजोबांची. ‘उजव्या छातीत पाणी काढायची नळी घातल्यानंतरचा एक्स-रे, तीन वाजता.’

उजव्या? मी पुन्हा वाचलं. पाणी डावीकडे होतं. मी सकाळचा फोटो उघडला. हृदय डावीकडे, पुस्तकात असतं तसं. पाणी उजवीकडे. कोपऱ्यात टाइप केलेला सुबक, सरळ L. चित्राच्या कडेला काळी चौकट टाकलेली होती. ही चौकट फक्त झाकते, पुसत नाही. मी ती बाजूला केली. त्या सुबक L च्या खालीच माझा R निघाला, आरशात दिसावा तसा उलटा. माझ्या आद्याक्षरांतलं एक अक्षर आरशातही तसंच दिसतं. R ला मात्र लपता येत नाही.

कुणीतरी अख्खं चित्र फिरवलं होतं. ‘कुणीतरी’ कोण, ते विचारायची गरज नव्हती. पावणेतीन वाजले होते.

वॉर्डचा फोन एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. लिफ्ट वर कुठेतरी दार उघडून उभी. मी जिना चढले. गुडघे तेव्हाही काही फार चांगले नव्हते.

पडद्याआड नवीन आलेली ज्युनियर डॉक्टर होती, आपल्या नागपूरची. आम्ही कँटीनमध्ये मराठी बोलायचो. आजोबा पाठ टेकून बसलेले, उजवा हात डोक्यावर, उजव्या बरगडीवर पिवळं औषध फासलेलं, आणि पोरीच्या हातात बधिर करायची सुई.

‘‘थांब! बाजू चुकली आहे.’’

‘‘अहो काकू, काय घाबरवता! स्क्रीनवर उजवीकडेच तर आहे.’’

‘‘स्क्रीन उलटा आहे. छाती ठोकून पाहिलीस?’’

तिचा चेहरा उतरला. ‘‘पाहिली ना. उजवीकडे नीट वाजत होती. डावीकडेच पाणी असल्यासारखा ठस्स आवाज येत होता. मला वाटलं, मलाच जमत नाहीये. इथे येऊन तीनच आठवडे झालेत हो काकू. म्हटलं, कॉम्प्युटर कसा चुकेल?’’

मला तिला एक धपाटा घालावासा वाटला आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. तिने सुई खाली ठेवली. त्या आजोबांचं जे एकच फुप्फुस चालत होतं, त्याच्या बाजूला ती सुई होती.

मी आजोबांकडे वळले. ‘‘तुम्हाला जड कुठे वाटतं?’’

‘‘डावीकडे.’’

‘‘मग ही उजवीकडे औषध लावत होती तेव्हा बोलला का नाहीत?’’

‘‘डॉक्टर आहे ती. म्हटलं, तिला माहीत असेल,’’ हात अजून डोक्यावर तसाच ठेवून ते म्हणाले. ‘‘उगाच गडबड कशाला?’’

वरिष्ठ डॉक्टर आले. त्यांनी बोटांनी छाती ठोकून पाहिली आणि त्यांच्यासमोर त्या मुलीनेच नळी डावीकडे घातली. चारच्या सुमारास मी पुन्हा फोटो काढला, दोन्ही मार्कर लावून. आजोबा म्हणाले, ‘‘बघ हं लव्ह, या वेळी तरी माझं काळीज जागेवर राहू दे.’’

खाली येऊन मी मुख्याला विचारलं. त्याने मुळीच नाकारलं नाही. ‘‘हृदय चुकीच्या बाजूला दिसलं, म्हणून मी दुरुस्त केलं,’’ तो म्हणाला.

‘‘आणि माझा R?’’

‘‘तो उलटा दिसत होता. म्हणून झाकला.’’

उलटा दिसला तेव्हाच कळायला हवं होतं! पण सांगायचं म्हणजे, तो रडवेला झाला होता. नंतर चौकशी झाली, लांबलचक फॉर्म भरले. त्यात एक रकाना होता, ‘घटना कुठल्या बाजूला घडली?’ मी दोन्ही लिहिलं आणि तो फॉर्म माझ्याकडे परत आला. शेवटी किटलीवरच्या सूचनेखाली दुसरी सूचना लागली: शिशाचे मार्कर ज्याने त्याने आपल्या इच्छेनुसार वापरावेत. इच्छेनुसार! पहिली सूचना कुणी काढलीच नाही. मी निवृत्त झाले त्या दिवशी दोन्ही तिथेच होत्या.

आजोबा पुढे दोन-तीन वर्षं तपासणीला येत राहिले, नेहमी अर्धा तास आधी, ब्लेझर घालून. आले की टेबलावर हात पसरायचे आणि मी तळहातावर R ठेवेपर्यंत आत यायचे नाहीत. चिकटवू मात्र मलाच द्यायचे. नागपूरची डॉक्टर पुढे क्रॉयडनला गेली. दर दिवाळीला तिचा फोन येतो.

ते हॉस्पिटल आता नाही. त्या इमारतीत फ्लॅट झालेत. जुन्या फिल्म कधीच गेल्या आणि ती कॉम्प्युटरची सिस्टिमही राहिलेली नाही. मार्कर मी ‘टाकायचं’ खोक्यातून काढून पुन्हा शिवणाच्या डब्यात ठेवले आहेत. L च्या प्लॅस्टिकला तडा गेला आहे. R शाबूत आहे.