सशिणीचं वाळलं गवत

अन्याय झाला तो १९९८च्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी, शिरूरच्या आमच्या कॉलेजात ससे सांभाळणाऱ्या मावशींवर. सुबाभळीच्या ओल्या पाल्याचा वास आला की आठवतं. प्रयोगात नुसता तोच पाला खाऊन एका सशिणीला मेलेली पिल्लं झाली होती आणि दुसरी गाभण होती. मेंढरांत वाढलेल्या मावशी प्रयोग घेणाऱ्या सरांवर कडाडल्या, “गाभणीला नुसती सुबाभूळ देत्यात व्हय? वाळलं गवत जास्ती घाला!” तसं घातलं, आणि संक्रांतीच्या आदल्या त्या दिवशी सहा पिल्लं वळवळताना दिसली. आम्ही अक्षरशः नाचलो, मावशींनी एक दिवस आधीच तिळगूळ वाटला. सरांनी मात्र प्रयोगवहीत लिहिलं, ‘आहार मी सुचवला.’ मावशी खिदळल्या, “लिहू द्या, सशिणीला ठाव हाय!” मला आजही तेवढं पुरत नाही. तुमच्याकडे अशी वही असेल, तर आजच उघडा आणि सांगणारीचं नाव लिहा.