उलट्या वेढ्यांची पट्टी

भूत, आत्मा, अंगात येणं... यातलं मी काही मानत नव्हते, आणि खरं सांगायचं तर आजही मानत नाही. मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. माणूस जाताना मी इतक्यांदा पाहिलाय की मोजणं सोडून दिलंय. वेळ लिहायची, नळ्या काढायच्या, नातेवाइकांना आत घ्यायचं — तिथे मला कधी काही ‘जाणवलं’ वगैरे नाही. तरीही एका रविवारचं मला आजपर्यंत काही कळलेलं नाही. ते इथे लिहितेय. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

आम्ही मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये राहायचो. बाबा लालबागहून इकडे आले तेव्हा मी तिसरीत होते. बारावीनंतर मी भाईंदर पश्चिमेच्या एका नर्सिंग स्कूलला गेले. नाव मुद्दाम देत नाही. सिस्टर लोकांचं होतं, म्हणजे नन्सचं. हॉस्पिटल, शाळा, हॉस्टेल आणि चॅपेल, सगळं एकाच कंपाउंडमध्ये. सकाळी साडेपाचला घंटा, सहाला चॅपेल. आम्हा हिंदू मुलींना सक्ती नव्हती, पण एकटीने रूमवर बसून करायचं काय? मीही जायचे. महिन्याभरात सगळी गाणी पाठ झाली. आई फोनवर म्हणायची, “बाई, आरत्या तरी आठवतात ना अजून?”

मोबाइल सिस्टर वॉर्डनच्या कपाटात जमा असायचे. संध्याकाळी सहा ते सात, एक तास मिळायचे. रविवारी तीन ते पाच घरच्यांनी भेटायला यायचं. सहा महिन्यांचं प्रोबेशन संपलं की लॅम्प लाइटिंग. त्या दिवशी पांढरा युनिफॉर्म घालून, हातात दिवा धरून शपथ घ्यायची आणि आईवडील मागच्या रांगेत डोळे पुसत उभे. सीनियर मुली या दिवसाबद्दल असं बोलायच्या, जसं काही लग्नच आहे.

माझी रूममेट जसिंता उत्तनची, मासेमारी करणाऱ्या घरातली. वडील ती लहान असतानाच गेलेले, भाऊ बोटीवर. आई मासे सुकवून विकायची आणि पोरीने नर्स व्हायचं हे तिनेच ठरवलेलं. फिलोमिना आंटी. दर रविवारी यायच्या, कधी हात हलवत नाही. बोंबलाची चटणी, तांदळाच्या भाकऱ्या, एकदा तर आख्खा फणस. माझ्यासाठी पुडी वेगळी. “तू खातेस ना गं? घरी आईला सांगू नको,” म्हणून हसायच्या. आमच्या घरी मासे चालतात हे मी त्यांना किती वेळा सांगितलं, पण ती गंमत त्यांना सोडवायची नाही.

पाचव्या महिन्यात वॉर्डमध्ये जसिंताचा पहिला पेशंट गेला. एक म्हातारे आजोबा. ती रोज त्यांना चहा पाजायची. सिस्टरांनी तिला बॉडी स्वच्छ करायला सोबत घेतलं. तिने केलं सगळं, पण त्यानंतर ती बदलली. जेवायची नाही. फोनच्या तासाला आईकडे एकच रट — मला घरी ने, मला नाही जमत. आंटी सुरुवातीला समजावत राहिल्या. मग एक दिवस त्यांचाही तोल गेला. “कोर्स सोडून आलीस तर दारात उभी करणार न्हाय,” असं म्हणाल्या. जसिंताने फोन ठेवला तो ठेवलाच. पुढचे दोन आठवडे तिने आईचा फोन घेतला नाही. रविवारी आंटी आल्या तर ही डोकं दुखतंय म्हणून खाली उतरली नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी दुपारची ड्यूटी माझी होती, दोन ते सहा. जसिंता म्हणाली, “मानसी, ड्यूटी बदलशील? मी वॉर्डमध्ये असले म्हणजे खाली यायचा प्रश्नच नाही.”

“अगं, आई आहे ती. दोन शब्द बोल ना.”

“बदलतेस की नाही तेवढं सांग.”

बदलली. ट्यूटरची सही घेतली. याचा विचार मी किती केलाय ते मलाच माहीत.

चारच्या सुमाराला मी खाली कपडे काढायला गेले, तर गेटच्या आतल्या बाकावर फिलोमिना आंटी. आजूबाजूला भेटायला आलेल्यांची गर्दी, डबे उघडलेले, लहान पोरं पळतायत. आंटी एकट्याच. घरातली साधी साडी, केस नीट बांधलेले नाहीत. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्याकडे पिशवी नव्हती. डाव्या हाताला निळा फडका गुंडाळलेला, त्यावर रक्ताचा काळपट डाग.

“आंटी, हाताला काय झालं?”

“मासा साफ करताना सुरी लागली. काय न्हाय.”

मी धावत वर गेले, प्रॅक्टिससाठी मिळालेलं रोलर बँडेज आणि गॉज घेऊन आले. फडका सोडला. त्यांनी तो घडी करून कमरेला खोचला. तळव्यावर चांगला खोल काप होता. नळाखाली धुतला तर अजिबात रक्त आलं नाही. मी म्हटलं, “बरं झालं, थांबलंय.” शिकाऊ पोर मी... मला काय कळणार. मग पट्टी बांधली. मी डावखुरी. माझे वेढे सगळ्यांच्या उलट दिशेने जातात. ट्यूटर यावरून वर्गात मला उभं करायच्या. वर चिकटपट्टी नव्हती म्हणून टोक फाडून मनगटाच्या मागे गाठ मारली.

आंटी पूर्ण वेळ हाताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “ती रागावली हाय माज्यावर. ठाव हाय मना.”

“मी बोलावते ना तिला. दोन मिनिटांत येईल.”

“नको. कामावर हाय ती. कामावरून उठवू नये.” जरा थांबून म्हणाल्या, “तिला सांग, मी बोलले ते तोंडातून निघून गेलं. मनात न्हाय. तिला यावंसं वाटलं तर यावं. दार उघडं हाय. राहिली तर राहू दे, आली तर येऊ दे. मी कायपन म्हननार न्हाय.”

हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण नंतर ते मला खूप वेळा सांगावे लागले.

मी तशीच वॉर्डमध्ये गेले. जसिंता टेम्परेचर घेत होती. मी तिला सगळं सांगितलं. आधी तिने तोंड फिरवलं. म्हणाली, “आता सुचलं तिला.” मग थर्मामीटर ट्रेमध्ये ठेवला आणि विचारलं, “गेली का ती?” मी नाही म्हणायच्या आत ती जिन्याकडे पळाली, वॉर्ड सोडून. मी मागोमाग. बाक रिकामा होता. जसिंता रस्त्यावर बसस्टॉपपर्यंत जाऊन आली. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, “बेटा, संडे को इतने लोग आते हैं, किस-किस को देखूँ?”

परत येताना ती रडत होती आणि हसतही होती. “सहा वाजता फोन मिळाला की पहिला तिला करते. तिला म्हणावं, इथेच मर मर मरते, पण नर्स होऊनच येते.” तीन आठवड्यांत मी तिला असं बोलताना पाहिलं नव्हतं. वॉर्डात परत गेल्यावर सिस्टरांचा ओरडाही तिने हसत खाल्ला.

साडेपाचला मी हॉलमध्ये होते, लॅम्प लाइटिंगच्या गाण्याची प्रॅक्टिस चालू होती. सिस्टर वॉर्डन आल्या आणि मला बाहेर घेऊन गेल्या. ऑफिसमध्ये एक बाई बसली होती, जसिंताची ब्रिजित मावशी. डोळे सुजलेले.

“फिलोमिना गेली,” ती म्हणाली.

सकाळी मासे साफ करताना आंटींच्या हाताला लागलं, मावशीने स्वतःचा फडका बांधला, तेवढ्यात त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं होतं. अकरा वाजता. भाऊ बोटीवर, जसिंताचा मोबाइल कपाटात, रविवार म्हणून ऑफिसचा फोन कोणी उचलेना. शेवटी दुपारची सगळी धावपळ आटोपून मावशीच रिक्षाने आली.

मी म्हटलं, “पण त्या चारला इथे होत्या.”

सिस्टरांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. “शॉक बसलाय तुला,” म्हणाल्या.

जसिंताला सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, “किती वाजता?” मावशीने सांगितलं. जसिंता माझ्याकडे वळली. “मानसी, ती काय म्हणाली ते परत सांग.” मी सांगितलं. “परत.” तीन वेळा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उत्तनला मातीला आमची सगळी बॅच गेली. गल्लीत माणूस मावत नव्हतं. मी रांगेतून पेटीजवळ पोहोचले. आंटींना लग्नातली साडी नेसवली होती, हातांत जपमाळ गुंडाळलेली. आणि डाव्या हाताला पांढरी पट्टी. वेढे उलटे. गाठ मनगटाच्या मागे.

मागच्या मुलीने ढकललं तेव्हा मी पुढे सरकले. अंगणात मावशीला गाठून विचारलं, पट्टी कोणी केली. “दवाखान्यात केली असंल,” ती म्हणाली. “रात्री आंघोळ घालताना बघितली. माजा फडका तिच्या कमरेला होता खोचलेला. ऱ्हाऊ दिली पट्टी, कशाला सोडायची?”

दवाखान्यात डावखुरं कोणी असू शकतं, मान्य. चार वाजता मी ज्यांच्याशी बोलले ती दुसरीच कोणी बाई होती, असंही स्वतःला सांगून पाहिलं. पण पुढच्या सोमवारी प्रॅक्टिकलला बँडेजचे रोल जमा करायचे होते आणि सगळ्या वर्गात माझा एकटीचा कमी भरला. ट्यूटरनी विचारलं, “कुठे गेला?” मी म्हटलं, हरवला.

जसिंता पंधरा दिवसांनी परत आली. सगळ्यांना वाटलं होतं, आता येणार नाही. लॅम्प लाइटिंगला माझी आई आधी माझ्यामागे उभी राहिली, मग सरकत सरकत जसिंताच्या आणि माझ्या मधोमध आली.

पट्टीचं मी तिला बोलले नाही. आधीच एकदा, जेवताना, ताटाकडे बघत ती म्हणाली होती, “ती तुला का भेटली? मला का नाही?” माझ्याकडे याचं उत्तर होतं — तिच्या जागी खाली मी होते म्हणून. ते तिलाही माहीत होतं. त्यानंतर आमच्यात थोडं अंतर पडलं. भांडण नाही, पण पहिल्यासारखं राहिलं नाही. कोर्स संपल्यावर ती वसईला लागली, मी मीरा रोडला.

मागच्या वर्षी ती अचानक माझ्या घरी आली, तिची मुलगी घेऊन. मुलगी झोपल्यावर आम्ही चहा घेत बसलो आणि कसं कोण जाणे, मी तिला सांगून टाकलं. धुतलेली जखम, न आलेलं रक्त, पेटीतली पट्टी, सगळं. ती घाबरेल असं वाटलं होतं. आता आम्ही दोघी नर्स, धुतल्यावर रक्त येत नाही ते कधी, हे दोघींनाही ठाऊक. तिने कप खाली ठेवला.

मग म्हणाली, “तू बांधत होतीस तेव्हा तिला दुखत होतं का गं?”

“नाही,” मी म्हटलं. “अजिबात नाही.”

तिचा चेहरा एकदम सैल पडला. त्या रविवारी काय झालं हे मला आजही सांगता येत नाही, आणि आता कोणाला विचारावं असंही वाटत नाही. फक्त एक खरं आहे, जे मी जसिंताला कधी सांगणार नाही. दुखतंय का, हे मी आंटींना विचारलंच नव्हतं.