साक्षीकाकांची सही

साक्षीकाकांनी मला फसवलं. तीन वर्षांत पाच वेळा, माझ्या शेजारी बसून, माझ्या डब्यातली पोळी खात फसवलं. मंडळाच्या स्मरणिकेसाठी त्यांच्याविषयी चार चांगले शब्द लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं. चांगले शब्द माझ्याकडे चाराहून जास्त आहेत आणि तेही मी लिहिणार आहे. पण हे पहिलं वाक्य जागेवरून हलणार नाही. संपादकांनी ते कापलं तर मी छापखान्यात जाऊन बसेन. मी खरोखर जाऊन बसते, हे माझ्या खानावळीत जेवलेल्या सगळ्यांना माहीत आहे.

कलकत्त्यातल्या मराठी माणसाला कुठल्याही कागदावर साक्षीदार लागला की तो भवानीपुरात काकांचं दार ठोठावायचा. ते केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात होते, एकटेच राहायचे. भाडेकरार, मृत्युपत्र, दत्तकपत्र, सगळ्यांवर त्यांची सही, म्हणून नाव पडलं साक्षीकाका. सही करण्याआधी चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसायचा, स्वतःचं पेन काढायचं, कागद दोनदा वाचायचा आणि म्हणायचं, "डोळ्यांनी पाहिलं तेवढंच हाताने लिहावं." एकाच्या भाडेकरारात दोन नळ लिहिले होते, तर काका ट्रामने टॉलीगंजला जाऊन नळ मोजून आले. दुसऱ्या नळाला तोटीच नव्हती. करारात एक नळ खोडायला लावला, मगच सही केली.

बँकेतल्या एका गृहस्थांना आजारपणाची रजा हवी होती. ते माझ्याच खानावळीत काकांच्या समोर कागद घेऊन बसले.

"काका, नुसती सही द्या."

काकांनी त्यांच्या कपाळाला हात लावला. "ताप नाही."

"आत्ताच उतरला हो."

"मग उतरला असं लिहा. लगेच करतो."

सगळी पंगत हसली. त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशीपासून खानावळ बदलली. मी काकांना म्हटलं, "तुमच्या खरेपणापायी माझं एक पान कमी झालं." काका आमटीचा भुरका घेऊन म्हणाले, "मीठ बरोबर आहे, शालू. याची साक्ष देतो."

आणखी एक खोड होती. कुठे जाऊन काही पाहिलं आणि तिथे वही असली, की त्या वहीत सही केल्याशिवाय ते निघायचे नाहीत. "पाहिलं आणि सही केली नाही, म्हणजे चोरून पाहिलं." ही खोड वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

मी त्यांना ओळखते ती मात्र कलकत्त्याच्याही आधीपासून. बिहारच्या सीमेकडे एका धरणाचं काम चालू होतं. मावशी तिथे मजुरांच्या मुकादमाच्या घरी स्वयंपाक करायची आणि मी, आईबाप नसलेली, तिच्याकडे. मी सोळा वर्षांची होते. मावशीच्या नवऱ्याने माझं लग्न पंचेचाळीस वर्षांच्या बिजवराशी ठरवलं. काका तेव्हा धरणावर कारकून होते. त्यांना हे कळलं आणि ते दत्तारामला घेऊन आले. दत्ताराम क्रेन चालवायचे, वय चोवीस. काका मला म्हणाले, "हा दारू पीत नाही. दोन वर्षं पाहतोय, लिहून देतो." आठ दिवसांत त्यांनी आम्हाला जवळच्या गावात नेलं. जिल्हा लहान, गाव त्याहून लहान, लग्न नोंदवायची कचेरी म्हणजे पिंपळाखालची दोन खोल्यांची कौलारू जागा. मला अक्षर येत नव्हतं, मी अंगठा लावला. साक्षीला एक काका आणि दुसरे धरणावरचे कोणी साहेब. मी मान खाली घालून उभी होते, मला साहेबांचे तपकिरी बूट तेवढे दिसले. सही करून ते जीपने निघून गेले. संध्याकाळी काकांच्या खोलीत अक्षता पडल्या.

पुढे आम्ही कलकत्त्याला आलो. दत्ताराम खिदिरपूरला एका खाजगी कंपनीच्या क्रेनवर लागले, मागोमाग काकांचीही बदली झाली. मला लिहायला काकांनी शिकवलं. रविवारी सकाळी येऊन पाटीवर पहिला शब्द काढून दिला तो 'शालिनी'. "आधी स्वतःचं नाव. बाकीचं जग नंतर." ही स्मरणिकेची पानं मी आज लिहिते आहे ती त्या पाटीमुळे. हे ऋण मी नाकारत नाही.

दत्ताराम गेले तेव्हा आमची मुलगी नंदा अकरा वर्षांची होती. क्रेनचा साखळदंड तुटला. तेराव्याच्या आत गावाहून दिराचं पत्र कंपनीत पोचलं, की दत्तारामाचं लग्न झाल्याचं आमच्या घरी कुणाला ठाऊक नाही. मग कंपनीकडून मला कागद आला. इंग्रजी होता, काकांनीच वाचून दाखवला. एका शब्दापाशी ते थांबले. मी म्हटलं, "पुढे?" म्हणाले, "त्यांनी तुला मृताची कथित पत्नी म्हटलंय."

"कथित म्हणजे?"

"म्हणजे... तू म्हणतेस म्हणून."

महिन्याभरात क्वार्टर सोडावं लागलं. दोन खोल्या घेऊन मी खानावळ काढली. जदुबाबूच्या बाजारात मी परवल घ्यायला उभी राहिले की भाजीवाला हात जोडायचा, "दीदी, आपनार शोंगे के पारबे!" तुमच्यापुढे कोण टिकणार! घरमालकाशी भांडले, कोळसेवाल्याशी भांडले, जे मागितलं ते घेऊन उठले. पण त्या कंपनीच्या बाबूकडून एक शब्द मला खाली उतरवता आला नाही. तो म्हणायचा, "लग्नाचा दाखला आणा, शब्द काढतो."

दाखला आणायचा तो त्या लहान जिल्ह्यातून. काका म्हणाले, "मी येतो. अर्ज मी लिहितो." हावड्याहून पहाटेची गाडी, मग बस, मग पायी. काकांकडे पाण्याचा तांब्या आणि मुडीचा, म्हणजे कुरमुऱ्यांचा, पुडा. गाडीत ते नंदाला संत्री सोलून द्यायचे, बिया स्वतःच्या तळहातावर घ्यायचे. कचेरीत पोचलं की मांडीवर पुठ्ठा ठेवून सुंदर अक्षरात इंग्रजी अर्ज लिहायचे. तिथे सूची वधूच्या नावाने ठेवलेली होती. म्हातारा दप्तरदार अर्ज घेऊन आत जायचा, तासाभराने धुळीने माखून बाहेर यायचा. "ना मासीमा, एई नामे किछु नेई." नाही मावशी, या नावाने काही नाही. पाच वेळा हेच. काका माझ्या पाठीवर हात ठेवायचे. "वाळवी लागली असेल, शालू. लहान जिल्हा, काय सांगावं."

कोबीचा गड्डा मी चार बाजूंनी फिरवून घेते. काकांनी लिहिलेला अर्ज मी एकदाही कुणाकडून वाचून घेतला नाही.

तिसऱ्या फेरीहून परतताना काकांना डुलकी लागली होती. हावडा आलं तसे दचकून उठले आणि मला म्हणाले, "वेणू, ऊठ, स्टेशन आलं." वेणू हे माझं माहेरचं नाव. किती वर्षांत कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती. मला रडू आलं. काका खिडकीकडे पाहत राहिले. मी समजले, त्यांनाही जुने दिवस आठवले. रडण्याऐवजी तेव्हा विचार केला असता तर!

काका निवृत्त होऊन पुण्याला निघाले, तेव्हा मी हावड्याला पोचवायला गेले. गाडी हलायच्या आधी त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. "हे तुला." ते पेन त्यांनी कधी कुणाला चिठ्ठी लिहायलाही दिलं नव्हतं. मी ते पदरात गुंडाळून घरी आणलं.

सहाव्या वेळी मी एकटी गेले. दप्तरदार नवा होता, तरुण. त्याने आत जाऊन यायच्या आधीच मान हलवली, आणि माझा तोल गेला. मी बंगालीत, हिंदीत, शेवटी मराठीत ओरडले. नाही कसं? या गावात लग्न झालं माझं! संध्याकाळी नवऱ्याने ताटातल्या तांदळात बोटाने शालिनी लिहिलं, पाच माणसांनी पाहिलं, आणि तुम्ही म्हणता शालिनी नाही?

पोरगा घाबरला नाही. म्हणाला, "तांदळात? तांदळात नाव का लिहिलं, मासीमा?"

"अरे, नवीन नाव ठेवतात. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात."

"तुमच्यात नावच बदलतं? आमच्यात फक्त आडनाव बदलतं." "मग सकाळी काय नाव होतं?"

मी खाली बसले. "वेणू."

त्याने वही ओढली. मी म्हटलं, "व बघ." तो हसला. "बांग्लात तुमचा व नाही, मासीमा. सगळा ब." पाच मिनिटांत 'बेणू' निघाली. वाळवीचं एक भोकही नव्हतं.

त्याने मला सगळं वाचून दाखवलं. वधू बेणू, वय एकोणीस. मी सोळाची होते. अठरा पूर्ण नसतील तर पालकांची संमती लागते, आणि माझे पालक मला बिजवराला देऊन बसले होते, म्हणून काकांनी तीन वर्षं जास्त लिहिली आणि खाली साक्ष दिली. आयुष्यातली एकच खोटी सही, तीही मला वाचवायला. त्याबद्दल मी त्यांचे पाय धरले असते.

मग पोराने दुसरी वही काढली. कोणी दप्तर पाहून गेलं की तीत नोंद होते. आमच्या पहिल्या फेरीच्या पंधरा दिवस आधी काका एकटेच येऊन गेले होते. 'बेणू' उघडून पाहिली होती आणि सवयीप्रमाणे खाली सही केली होती. त्यानंतरच्या पाचही अर्जांत त्यांनी नाव लिहिलं होतं शालिनी.

मी पुण्याला पत्र टाकलं. शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही. उत्तराला पोस्टकार्ड आलं, शिसपेन्सिलने लिहिलेलं. "तुझं सगळं खरं आहे. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ते वय उघडं पडलं असतं तर माझ्या साऱ्या सह्या खोट्या ठरल्या असत्या. तुला सांगायचा धीर रोज गोळा करत होतो." खाली सही नव्हती. दोन महिन्यांनी काका गेल्याची बातमी आली. मी त्या दिवशी खानावळ बंद ठेवली. का ठेवली, ते मला विचारू नका.

नक्कल घेऊन मी कंपनीत गेले. बाबू म्हणाला, हा दाखला वेणूचा आहे, तुम्ही शालिनी. अंगठा ताडून पाहा म्हटलं, तर तो ठसा म्हणजे काळा डाग; लग्नाच्या दिवशी अंगठ्याला शाई फार लागली होती. आता लग्नाला हजर असलेल्या साक्षीदाराने दोघी एकच आहेत असं लिहून द्यावं, तर 'कथित' जाईल. नंदा अठरा वर्षांची आहे. तिचं पहिलं स्थळ त्या शब्दावरून परत गेलं.

एक साक्षीदार गेले. दुसरी सही पोराने मला वाचून दाखवली आहे. ते तपकिरी बूटवाले साहेब आता आपल्या मंडळात पहिल्या रांगेत बसतात, माझ्या हातची पुरणपोळी मागून घेतात. मी त्यांच्या घरी गेले होते.

"वहिनी, इतक्या वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतं?"

"सही तुमची आहे."

"काका गेले. त्यांचं नाव कशाला खराब करता? त्यापेक्षा स्मरणिकेत चार चांगले शब्द लिहा."

लिहिले, साहेब. आता उत्तर तुम्ही द्या. स्मरणिका गणपतीच्या पहिल्या दिवशी तुमच्या हातात पडेल. पुढच्या सोमवारी अकरा वाजता खिदिरपूरला कंपनीच्या दारात मी उभी असेन. कागद तयार आहे, त्यावर एकच ओळ आहे: वेणू आणि शालिनी ही एकच बाई. काकांचं पेनही आणते. आलात तर मीही सारं विसरेन. नाही आलात, तर शेवटच्या दिवशी महाप्रसादाचा भात मीच वाढणार आहे. तुमच्या पानातल्या भातावर बोटाने वेणू लिहीन आणि साऱ्या पंगतीसमोर विचारेन, साहेब, ही कोण? सांगा.