तारखेचा रकाना

मी नक्की काय काम करते, हे आमच्या भांडुपच्या घरात कोणालाच धड सांगता आलेलं नाही. शेजारणींनी विचारलं की आई सांगते, "ती कॉम्प्युटरात सामान हलयता." आधी मला याचा राग यायचा. एवढं शिकून, एवढं राबून मी हमाल? आता वाटतं, इतक्या थोडक्यात मलाही सांगता आलं नसतं.

मी मोठमोठ्या वेबसाइट एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात हलवते. वेबसाइटवर जी बातमी, फोटो, लेख दिसतो, तो मागे कुठेतरी भरलेला असतो. शीर्षकाचा एक रकाना, मजकुराचा एक, लेखकाच्या नावाचा एक, तारखेचा एक. हे रकाने सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टम. मी ज्या सिस्टमवर काम करते ती ओपन सोर्स आहे, म्हणजे तिचा कोड सगळ्यांना उघडा. कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. आमच्या धंद्यात नवीन माणूस भेटला की तो डोळे मिचकावून म्हणतो, "म्हणजे फुकट ना?" अशा माणसाशी मी पुढची पाच मिनिटं नीट बोलू शकत नाही. अरे, कोणीतरी आपली नोकरी करून, पोरांचा अभ्यास घेऊन, उरलेल्या वेळात ते लिहिलेलं असतं. फोरमवर प्रश्न टाकला की कुठला कोण अनोळखी माणूस आपली अडचण स्वतःच्या मशीनवर करून बघतो आणि उत्तर देतो. आभार मानले तर नुसता अंगठा दाखवतो आणि जातो. माझ्या सख्ख्या चुलतभावांनी माझ्यासाठी एवढं केलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी अंधेरीतल्या एका मराठी बातम्यांच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं. साइट जुनी आणि अवाढव्य, लाखांवर लेख. जुनी सिस्टम कोणा एका कंपनीची होती, ती कंपनी बंद पडली होती. सगळं नव्या ओपन सोर्स सिस्टममध्ये आणायचं होतं. यात खरं काम असतं ते जोडणीचं. जुना कुठला रकाना नव्या कुठल्या रकान्यात जाणार, हे प्रत्येक विभागासाठी बसून ठरवावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण मला आवडतं. मी चांगलं करते, असं लोकही म्हणायचे.

बातम्या, खेळ, अग्रलेख, सगळं झालं. राहिलं फक्त "वाचकांचं पान". वस्तीवस्तीतून लोकांनी पाठवलेले लहान लेख, आमच्या गल्लीतलं वाचनालय, आमच्या तलावाची दशा वगैरे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला गणपतीला गावी निघायचं होतं. आता कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. त्या दिवसात आमचं डोकं ठिकाणावर नसतं. बॅग भरलेली, मखराचं सामान बांधलेलं, आधीच गावी गेलेली आई दर तासाला फोन करून विचारतेय, "गो, निघतलंस ना उद्या?" मी म्हटलं, चला, एवढं एक पान उरकून टाकू. बातम्यांची जोडणी उचलली, या विभागाला लावली, बटण दाबलं. सगळे लेख आले. शीर्षकं बघितली, फोटो बघितले. झकास. सकाळी गाडीत बसले.

वाचकांच्या पानाला जुन्या सिस्टममध्ये तारखेचा रकाना वेगळ्याच नावाचा होता. माझ्या जोडणीत तो कशालाच जोडला गेला नाही. तारीख मिळाली नाही की सिस्टम आजची तारीख घालते. हे तिच्या माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरात लिहिलेलं आहे. मी ते पान गावी जाऊन आल्यावरही वाचलं नाही, कारण कोणी तक्रारच केली नाही. वाचकांचं जुनं पान कोण उघडतं? ठरल्याप्रमाणे तीन महिन्यांनी जुना सर्व्हर पुसला. माझ्याकडे साइटची देखभाल तेवढी राहिली, आठवड्यातून एक फेरी.

यंदा त्याच फेरीला मी ऑफिसात बसले होते. संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर माहुलच्या कोळीवाड्यातल्या एक मावशी बसल्या होत्या. साठीच्या असतील. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक कागद काढून टेबलावर ठेवला. आमच्याच साइटवरच्या लेखाची प्रिंट. त्यांच्या गल्लीतल्या एका कॉलेजातल्या मुलीने जवळा, म्हणजे ती बारीक कोलंबी, सुकवण्यावर लिहिलेला लेख, सोबत फोटो. उघडं मैदान, त्यावर पसरलेला जवळा, आणि दोन बायका तो हाताने सारखा करतायत.

"ही मी, आनि ही माजी सासू," मावशी म्हणाल्या. "ही आमची सुकवायची जागा. वाड्यातल्या समद्या बायका तिथंच सुकवायच्या."

पाच वर्षांपूर्वी एका गोदामवाल्याने त्या जागेला भिंत घातली होती. तो म्हणत होता, इथे मासे कधी सुकवलेच जात नव्हते, ही पडीक जमीन होती. बायकांनी अर्ज केला, सुनावणी लागली. भिंतीच्या आधीपासून आम्ही ती जागा वापरतो याचा पुरावा आणा, असं त्यांना सांगितलं. सातबाऱ्यावर यांचं नाव नाही, वापराची पावती कोण देणार? होता तो एवढा एक लेख. अकरा वर्षांपूर्वीचा.

"साहेबानं कागद बघितला नि परत दिला," मावशी म्हणाल्या. "बोलला, बाई, याच्यावर तारीख चार वर्सांची हाय. भिंत पाच वर्सांची. मंग हा फोटू दुसऱ्या कुठल्या जागेचा असंल. माज्या तोंडावर मला खोटी पाडली गो."

मी प्रिंटवरची तारीख बघितली. मी गणपतीला गावी निघाले त्याच्या आदल्या दिवसाची. त्या तारखेला मी कुठे होते, काय करत होते, कुठली बॅग भरली होती, सगळं एकदम आठवलं.

मावशींना बाहेर चहा दिला आणि मी संपादकांना खरं काय ते सांगितलं. ते तसे शांत माणूस. म्हणाले, "अगं, मग त्यात काय? आत जा, खरी तारीख टाक, नवी प्रिंट काढून दे. एक मिनिटाचं काम आहे."

एक मिनिटाचंच होतं. मी लेख उघडलाही. पण या सिस्टमची एक सवय आहे, ती काही विसरत नाही. कोणी, कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठला रकाना बदलला, ते सगळं प्रत्येक लेखाच्या इतिहासात राहतं. उद्या गोदामवाल्याच्या वकिलाने तो इतिहास मागितला, तर त्यात काय दिसणार? मावशी ऑफिसात आल्या आणि अर्ध्या तासात तारीख सात वर्षं मागे गेली. म्हणजे बाईंची उरलीसुरली वाट लागली. आता खोटं कशाला बोलू, इतिहास पुसायच्या चाव्याही माझ्याकडेच होत्या. एका ओळीची आज्ञा. माझी चूकही त्यासोबत गुपचूप पुसली गेली असती. मी ती ओळ लिहून बघितली, आणि खोडली. मला स्वतःचीच किळस आली.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं, शांतपणे बसून विचार केला. जुन्या सिस्टममध्ये प्रत्येक लेखाला क्रमांक असायचा, आणि तो सगळ्या विभागांना मिळून एकच चढता. तो जुना क्रमांक मी नव्या सिस्टममध्ये एका रकान्यात आणला होता. मावशींच्या लेखाचा क्रमांक घेतला आणि त्याच्या आधीचा व नंतरचा शोधला. आधीचा, घाटकोपरमध्ये पाणी येणार नसल्याची बातमी. नंतरचा, मुलुंडच्या नाट्यस्पर्धेचा निकाल. दोन्ही बातम्यांच्या विभागातल्या, म्हणजे दोन्हींच्या तारखा बरोबर. आणि दोन्ही एकाच दिवसाच्या. मधला लेख त्याच दिवशी चढला होता, दुसरं काही शक्यच नव्हतं. अकरा वर्षांपूर्वीचा तो दिवस.

मी संपादकांना म्हटलं, "सर, हे सगळं पत्रात लिहायचं. चूक काय झाली, कोणी केली, खरी तारीख कशी काढली. खाली माझी सही आणि तुमची. आणि तारीख त्यानंतर बदलायची, उघडपणे."

त्यांनी कपाळाला हात लावला. "आपल्या साइटच्या तारखा चुकीच्या आहेत, हे आपणच लिहून द्यायचं? एक लेख नाही, अख्खा विभाग आहे. उद्या कोण विश्वास ठेवेल गं?"

"आज त्या बाईंवर कोणी ठेवत नाही, ते आपल्यामुळे," मी म्हटलं. आवाज चढला होता, चढू दिला. त्यांनी प्रिंट पुन्हा हातात घेतली. मग म्हणाले, "लिही. पण मराठी नीट लिही, तुमच्या त्या कॉम्प्युटरच्या भाषेत नको."

सुनावणी पुढच्या आठवड्यात चेंबूरला होती. मी पत्र आणि त्या तीन लेखांच्या प्रिंट घेऊन मावशींसोबत गेले. गोदामवाल्याचा वकील आधीच बसला होता. अधिकाऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं, तिन्ही प्रिंट शेजारी शेजारी ठेवल्या, क्रमांकावर बोट फिरवलं.

"ही तारीख तुम्ही बदललीत?" त्यांनी मला विचारलं.

"हो. आधी चुकवलीही मीच."

वकील म्हणाला, "साहेब, ज्यांच्या हातात सगळं आहे, ते काहीही लिहून देतील." मी म्हटलं, साइटचा पूर्ण इतिहास देते, तुमचा माणूस आणून तपासा. कोड उघडा आहे, क्रमांक कसा चालतो तेही कोणालाही बघता येईल. अधिकारी मान हलवत लिहायला लागले. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर थोडा गर्वच झाला, की बघा, सावरलं मी.

लिहिता लिहिता अधिकाऱ्यांनी मावशींना विचारलं, "कागद ठीक आहे. पण एवढी जुनी जागा, तर कोणी जुनं माणूस का नाही आणलंत साक्षीला? फोटोतल्या या तुमच्या सासूबाई?"

"ती होती ना," मावशी म्हणाल्या. "पैल्या तारखेला येयाला निघाली होती. लुगडं नेसून दारात बसलेली. नव्वदीची, पन समदं आठवायचं तिला, कुठं कोनाचा जवळा पडायचा ते. मीच तिला घरात बसवली. बोलले, आई, उन्हातानात कशाला येतंस, कंपूटरवर तारखेसकट हाय सगला."

"मग आता?"

"गेली पौषात."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मावशी सरळ समोर बघत होत्या. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

निकाल बायकांच्या बाजूने लागला. भिंतीचा समुद्राकडचा भाग पाडला, जागा मोकळी झाली. मावशींनी मला फोन करून बोलावलं, मी गेले. जवळा पसरलेला होता, बायका उकिडव्या बसून तो हाताने सारखा करत होत्या, आपसात जोरजोरात बोलत होत्या. मी मावशींची माफी मागितली. तोपर्यंत मागितली नव्हती, पत्रात फक्त "चूक" असं लिहिलं होतं.

त्यांनी हात थांबवले नाहीत. "तू चुकलीस, मंग तूच आलीस नि सांगितलंस. पन मरताना ती मला बोलली, माझं कोनी ऐकलाच नाय. त्याचा काय करू, सांग."

मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी खाली बसले.