जिवंत आत्याचं कार्ड

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. संघटनेत नाही, घरात नाही, आणि जिच्याशी बोलायला हवं होतं तिच्याशी तर नाहीच. तुम्ही मला ओळखत असाल तर आवाजावरून — रत्नागिरीच्या बाजारात रिक्षाला भोंगा लावून "आजारपण ही चैन नाही" असं ओरडत फिरणारा तो मीच. पत्रकं माझी, घोषणा माझ्या, संतापही माझा. संताप खरा होता, एवढं आधी सांगून ठेवतो. बाकीचं तुम्हीच बघा.

माझी आत्या खेडला एस.टी. डेपोसमोर भज्यांचं दुकान चालवते. वय त्र्याहत्तर, नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. तोंड असं की ड्रायव्हर गाडी पाच मिनिटं उशिरा काढतील, पण तिच्याशी वाद घालणार नाहीत. काही वर्षांपूर्वी ती आरोग्य विमा काढायला गेली. तिला सांगितलं — पासष्टी उलटली, आता नवीन विमा मिळायचा नाही. म्हणजे ज्या वयात माणूस आजारी पडतो, नेमकं त्याच वयात दार बंद! नोकरदाराच्या मागे निदान कंपनी असते. भजीवालीच्या मागे कोण? तिची कढई? मी पेटलो. म्हाताऱ्यांच्या उपचारांसाठी भांडणाऱ्या या संघटनेत आलो तो तिथूनच.

एकदा नाक्यावरच्या सभेत लोक पांगायला लागले. मी आत्याचीच गोष्ट सांगत होतो. विमा नाकारला इथपर्यंत कुणी मानसुद्धा वर केली नाही. मग मी म्हणालो, "आणि माझी आत्या उपचाराविना वारली."

सगळे थांबले. एका बाईने पदर डोळ्याला लावला. मला काय वाटलं? लाज? नाही हो — जोर आला. पुढच्या पत्रकात ते छापलंसुद्धा : खेडच्या डेपोसमोर भजी तळणारी माझी आत्या, आणि खाली माझं नाव. त्याच आठवड्यात मी तिच्या दुकानात बसून प्लेटभर कांदाभजी खाऊन आलो होतो.

हसताय? हसा. हसण्यासारखंच आहे. पण मी सांगायला बसलोय ते हे नाही — ते पुढे आहे, आणि तिथे पोचायला मला वेळ लागतोय.

पुढे बदल झाले. विम्याची वयाची अट गेली, हप्त्यावरचा कर गेला. आणि सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न विचारता, मोफत उपचाराचं कार्ड आलं. आम्ही नाचलो — अक्षरशः, कार्यालयातली टेबलं भिंतीला लावून. आईवडिलांच्या विम्याचा हप्ता भरताना दर वर्षी आम्हाला शिव्या घालणारा किराणावाला पेढे घेऊन आला. गावोगाव शिबिरं लागली. मी मोबाइलवर म्हाताऱ्यांचे अंगठे घेत सुटलो. एका खलाशाच्या अम्मीने कार्ड कपाळाला लावलं, तेव्हा मला तोंड फिरवून उभं राहावं लागलं. इतका आनंद मी आयुष्यात पाहिला नव्हता.

आणि आत्या? तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "मलाही काढून दे की रे," म्हणाली.

पण खेडच्या शिबिरात माझे सगळे सोबती. तिथे माझी वारलेली आत्या अंगठा द्यायला कशी येणार? दुकानात जाऊन गुपचूप काढावं, तर खेडची यादी सोबत्यांच्याच हातात. मी सांगितलं, साइट बंद आहे. पुढच्या महिन्यात सांगितलं, आधारवर नाव चुकलंय. मग म्हणालो, तुझ्या बोटांच्या रेषा झिजल्यात, अंगठा लागायचा नाही. जन्मभर पीठ कालवलेल्या बाईला हे लगेच पटलं. साइट चालू होती. नाव बरोबर होतं. अंगठा मी लावूनच पाहिला नव्हता.

असे आठ महिने. आठ महिने ती तेलाच्या आवाजावरून भजी तळत होती. एकदा मनगटावर भाजल्याचा मोठा फोड दिसला. मी काय केलं? मलम आणून दिलं. कार्ड काढणारा मी — आणि मलम आणून दिलं!

शिवाय उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे मी तिच्याच दुकानात टाकायचो, भज्यांना कागद म्हणून. तिला आता वाचता येत नाही हे मला माहीत होतं, म्हणून तर बेधडक टाकायचो. गिऱ्हाइकांना येतं, हे विसरलो. पत्रकं कुणी वाचत नाही ही आमची कायमची रड. पण गरम भजी खाताना माणूस काय वाट्टेल ते वाचतो. एका कंडक्टरने वाचलं. मोठ्याने, तिच्यासमोर.

तिचा फोन आला. "काय रे मन्या, मी मेल्ये म्हणे? तेराव्याला जेवायला तरी बोलवायचंस मला."

मी त-त-प-प करत राहिलो आणि ती हसत राहिली, इतकी की मागे कढईतलं जळायला लागलं. मग म्हणाली, पुढच्या शिबिराला मी येणार, आणि तू तिथे तोंड उघडू नकोस.

आली. ठेवणीतलं पातळ नेसून, भज्यांचा डबा घेऊन. सोबत्यांना सांगितलं, मी धाकटी. थोरली गेली, दुकान आता मी बघत्ये. पोरं पाया पडली. एकाने हळूच विचारलं, कशा होत्या हो त्या?

"लाखात एक," आत्या म्हणाली. "सढळ हाताची. आणि रूप? तिच्यापुढे मी काहीच नाही." आणि डोळे पुसले. मी कोपऱ्यात खोकल्याचं सोंग करून हसू दाबत होतो.

अंगठा पहिल्या झटक्यात लागला. "बघ, लागला एकदाचा," ती मला म्हणाली. तिला खरंच वाटत होतं, की आजवर लागतच नव्हता.

रत्नागिरीला एकामागून एक दोन्ही डोळे झाले, पैसा न भरता. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा तिने आधी खिडकी बघितली, मग स्वतःचे हात, मग मला. "मन्या, तुझे केस पिकले की रे." मग सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं सांगितलं : हा माझा भाचा, आठ महिने खेटे घातले याने माझ्या कार्डासाठी, पण सोडलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी मला आशीर्वाद दिला. मी मोसंबं सोलत होतो. सोलत राहिलो.

मेल्याचं तिने हसून सोडून दिलं. त्या आठ महिन्यांचं तिला अजून माहीत नाही. कालच खेडला गेलो होतो. एका गिऱ्हाइकाला ती माझे खेटे रंगवून सांगत होती आणि मी समोरच उभा होतो. बोलता बोलता तिने झाऱ्यावरची भजी निरखून पाहिली, लालसर झालेली दोन वेचून माझ्या कागदावर घातली.

मी ती खाल्ली.