थरथरत्या हातांची पाळी

मुलांनो, मी परदेशी तुमच्याकडे आले होते तेव्हा एका संध्याकाळी तुमच्या बाबाने मला गावातले जुने पब दाखवले. तिथे पिंपातली बिअर हातपंपाने ओढून देतात. मी सफरचंदाचा रस घेतला. तीन म्हातारे मित्रही आमच्यासारखेच एका पबमधून दुसऱ्यात चालले होते. प्रत्येक ठिकाणी एकाची पाळी. ज्याची पाळी, त्यानेच सगळ्यांचे ग्लास टेबलावर आणायचे.

तिसऱ्या पबमध्ये सर्वांत थकलेल्या आजोबांची पाळी आली. त्यांचे हात फार थरथरत होते. मी मदतीला उठले, तर बाबा हळूच म्हणाला, "आई, बस. पाळी त्यांची आहे."

एकेक ग्लास घेऊन त्यांनी तीन खेपा घातल्या. बिअर बाहीवर सांडत होती.

"आमच्यासाठी काही उरव रे!" एक मित्र ओरडला.

"सांडली ती तुझी, उरली ती माझी," आजोबा म्हणाले.

दोघे हसले, पण जागचे हलले नाहीत. शेवटचा ग्लास आल्यावर एकाने रुमालाने टेबल पुसले आणि तिघे प्यायला लागले.

माझे हात कापू लागल्यापासून चहाचा ट्रे कोणीतरी माझ्याकडून काढून घेते. "आजी, तू बस," असे तुम्हीही म्हणता, आणि ते प्रेमानेच. पण नुसत्या बसलेल्या माणसाकडे हळूहळू कोणी काही मागेनासे होते. त्या आजोबांकडे अजून मागत होते.

पुढच्या वेळी तुमचा चहा मीच आणीन. सांडला, तर बशीतून प्या.